अमेरिकेत युद्धाचा अधिकार काँग्रेसचा असताना निर्णय राष्ट्राध्यक्षांचा कसा ठरतो?

सावित्री_वाचक (प्रश्न)

मंडळी, नमस्कार.

गेले काही महिने अमेरिकेची राज्यघटना आणि तेथील राजकीय इतिहास असे दोन्ही समोर ठेवून वाचते आहे आणि एका जागी सारखी अडखळते आहे. घटनेच्या पहिल्या कलमाच्या आठव्या विभागात युद्ध पुकारण्याचा, सैन्य उभारण्याचा आणि त्याच्या खर्चाला मंजुरी देण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधीगृह मिळून होणाऱ्या तेथील संसदेला, दिला आहे. इतकेच नव्हे, तर भूदलासाठीची तरतूद एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीची नसावी, असेही बजावून ठेवले आहे. दुसऱ्या कलमात राष्ट्राध्यक्ष हा सेनादलांचा सरसेनापती आहे आणि तह करण्याचा अधिकारही त्याचाच आहे, मात्र त्यासाठी सिनेटच्या हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांशांची संमती लागते. कागदावर ही वाटणी मला अगदी स्वच्छ वाटते. युद्धात उतरायचे की नाही हे काँग्रेसने ठरवायचे, आणि एकदा ठरले की ते चालवायचे राष्ट्राध्यक्षाने.

इतिहास मात्र वेगळेच सांगतो. काँग्रेसने रीतसर युद्ध पुकारल्याला आता कितीतरी दशके लोटली. शेवटच्या घोषणा जून १९४२ मध्ये बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानिया या देशांविरुद्ध झाल्या. त्यानंतर कोरियात ३६ हजारांहून अधिक आणि व्हिएतनाममध्ये ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मरण पावले, त्या देशांतील मृतांची संख्या तर लाखोंच्या घरात गेली, आणि यांपैकी एकाही युद्धाची घोषणा झालेली नाही. हे थांबावे म्हणून १९७३ साली काँग्रेसने युद्धाधिकारांचा कायदा केला. त्यात ६० दिवसांची मुदत आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही तो कायदा कोणाला अडवू शकलेला दिसत नाही. दोष कायद्याच्या रचनेत आहे, न्यायालयांत आहे, की खुद्द काँग्रेसमध्येच आहे? ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना_अध्यापक

सावित्रीताई, मी बरीच वर्षे राज्यशास्त्र शिकवले आणि या प्रकरणाची सुरुवात वर्गात नेहमी एका शब्दापासून करत असे. १७८७ साली फिलाडेल्फियात मसुद्यावर चर्चा चालू असताना काँग्रेसला युद्ध ‘करण्याचा’ अधिकार द्यावा, असे मूळ वाक्य होते. १७ ऑगस्टला जेम्स मॅडिसन आणि एल्ब्रिज गेरी यांनी दुरुस्ती मांडली आणि ‘करण्याचा’ जाऊन ‘पुकारण्याचा’ हा शब्द आला. अचानक हल्ला झाला तर तो परतवून लावण्यासाठी राष्ट्राध्यक्षाला काँग्रेस भरण्याची वाट पाहत बसावे लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. सवलत तेवढ्यापुरतीच होती. पुढच्या दोन शतकांत तिचे दार हळूहळू किलकिले होत गेले आणि शेवटी सताड उघडले.

पहिला मोठा धक्का १८४६ मध्ये बसला. राष्ट्राध्यक्ष जेम्स पोक यांनी न्यूएसेस आणि रिओ ग्रांदे या दोन नद्यांमधल्या वादग्रस्त पट्ट्यात सैन्य पाठवले. मेक्सिकोच्या घोडदळाशी चकमक झाली, माणसे मेली, आणि मग पोक यांनी काँग्रेसला कळवले की अमेरिकेच्या भूमीवर अमेरिकेचे रक्त सांडले आहे. दोन दिवसांत युद्धाची घोषणा झाली. म्हणजे घोषणा काँग्रेसनेच केली, पण ती केल्यावाचून गत्यंतर राहणार नाही अशी परिस्थिती आधी राष्ट्राध्यक्षांनी उभी केली होती. जानेवारी १८४८ मध्ये प्रतिनिधीगृहाने ८५ विरुद्ध ८१ मतांनी नोंद केली की हे युद्ध राष्ट्राध्यक्षांनी विनाकारण आणि घटनाबाह्य रीतीने सुरू केले. त्या ८५ जणांत अब्राहम लिंकन हे नवखे सदस्य होते. तोवर लढाई जवळपास जिंकून झाली होती, त्यामुळे ठरावाला इतिहासातील नोंदीपलीकडे किंमत उरली नाही.

पण त्याआधीचा एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण घटना ताजी असताना लोक ती कशी वाचत होते हे त्यातून दिसते. १७९९ मध्ये फ्रान्सशी अघोषित सागरी संघर्ष चालू होता. फ्रेंच बंदरांकडे ‘जाणारी’ अमेरिकी जहाजे पकडावीत, असा कायदा काँग्रेसने केला. राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्या सरकारने आरमाराला जे आदेश धाडले, त्यांत फ्रेंच बंदरांतून ‘येणारी’ जहाजेही पकडा, असे लिहिले होते. डिसेंबरमध्ये कॅप्टन जॉर्ज लिटल यांनी तो आदेश पाळून ‘फ्लाइंग फिश’ नावाचे जहाज पकडले. ते फ्रेंच बंदरातून निघाले होते, आणि पुढे ते डेन्मार्कच्या मालकाचे निघाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी १८०४ च्या निकालात मोकळेपणाने सांगितले की, वरिष्ठांचा हुकूम पाळणाऱ्या अधिकाऱ्याला नुकसानभरपाईतून सूट द्यावी, असेच त्यांना आधी वाटत होते. पण विचारांती ते मत त्यांनी सोडले. काँग्रेसने जेवढे सांगितले त्यापलीकडचा हुकूम बेकायदेशीर कृत्याला कायदेशीर करू शकत नाही, असे ठरवून भरपाईचा भार न्यायालयाने कॅप्टनवर टाकला. ‘जाणारी’ आणि ‘येणारी’ या दोन शब्दांत केवढे अंतर आहे, याची तेव्हा एवढी कदर होती.

कायद्याचा_धागा

वरील उत्तर उत्तम आहे. मी १९७३ च्या कायद्यापुरते लिहितो, कारण प्रश्नाचा गाभा तेथेच आहे असे मला वाटते.

कायद्याची यंत्रणा अशी. सैन्याला लढाईत उतरवले, किंवा लढाई अगदी तोंडावर आहे अशा ठिकाणी पाठवले, की राष्ट्राध्यक्षाने ४८ तासांत काँग्रेसला लेखी अहवाल द्यावा. तेथून ६० दिवस मोजायचे. तेवढ्यात काँग्रेसने मंजुरी दिली नाही तर सैन्य परत आणावे. सुखरूप माघारीसाठी लागलेच तर आणखी ३० दिवस घ्यावेत. शिवाय, दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव केला तर ६० दिवस पूर्ण होण्याआधीही सैन्य मागे घ्यावे लागेल, आणि त्या ठरावावर राष्ट्राध्यक्षाची सही लागणार नाही, अशी तरतूद होती. रिचर्ड निक्सन यांनी हे विधेयक नकाराधिकार वापरून परत पाठवले. ७ नोव्हेंबर १९७३ रोजी प्रतिनिधीगृहाने २८४ विरुद्ध १३५ आणि सिनेटने ७५ विरुद्ध १८ मतांनी तो नकार मोडून काढला. वॉटरगेट प्रकरणाने निक्सन तेव्हा पुरते घेरले गेले होते. एरवी दोन तृतीयांशांचा आकडा गाठणे सोपे गेले नसते.

आता या यंत्रणेचे दोन खिळे कसे निसटले ते पाहा. पहिला खिळा मुदतीचा. ६० दिवस मोजायला सुरुवात होते ती कायद्याच्या एका ठरावीक पोटकलमाखाली अहवाल दिला, किंवा द्यायला हवा होता, तेव्हापासून. राष्ट्राध्यक्ष अहवाल पाठवतात, पण ‘कायद्यानुसार’ असे न लिहिता ‘कायद्याशी सुसंगत राहून’ असे लिहितात आणि पोटकलमाचा उल्लेख टाळतात. कंबोडियाने ‘मायाग्वेझ’ हे मालवाहू जहाज पकडले तेव्हा, मे १९७५ मध्ये, जेराल्ड फोर्ड यांनी पाठवलेल्या अहवालात तो उल्लेख होता, पण अहवाल पोहोचला तेव्हा कारवाई संपलेली होती. २०११ मध्ये लिबियातील हवाई मोहिमेच्या वेळी बराक ओबामा यांच्या सरकारने आणखी पुढचे पाऊल टाकले. ६० दिवस उलटून गेल्यावर परराष्ट्र खात्याच्या विधी सल्लागारांनी सिनेटच्या समितीपुढे बाजू मांडली की जमिनीवर आपले सैन्य नाही, आपली माणसे मरण्याचा धोका फारसा नाही, तेव्हा कायद्याला अभिप्रेत असलेली ‘लढाई’ येथे चालूच नाही. ज्यांच्यावर बॉम्ब पडत होते त्यांच्या दृष्टीने ही व्याख्या किती पोकळ होती, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा खिळा अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो निखळला एका अगदी भलत्याच खटल्यामुळे. केनियात जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या जगदीश राय चढ्ढा नावाच्या विद्यार्थ्याला देशाबाहेर काढण्याचे प्रकरण १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढले. अधिकाऱ्यांनी त्याला राहू दिले होते, पण प्रतिनिधीगृहाने एकट्यानेच ठराव करून तो निर्णय फिरवला होता. न्यायालयाने सांगितले की, काँग्रेसला कायद्याचा परिणाम घडवायचा असेल तर ठराव दोन्ही सभागृहांत संमत होऊन सहीसाठी राष्ट्राध्यक्षाकडे गेलाच पाहिजे. युद्धाचा त्या खटल्याशी काहीही संबंध नव्हता. पण सहीविना सैन्य माघारी बोलावण्याची जी तरतूद १९७३ च्या कायद्यात होती, तिच्या खालची जमीनच या निकालाने सरकली.

परिणाम काय झाला ते येमेनच्या उदाहरणावरून स्पष्ट दिसते. सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीला त्या युद्धात मिळणारे अमेरिकी लष्करी साहाय्य थांबवावे, असा ठराव २०१९ मध्ये सिनेटने ५४ विरुद्ध ४६ आणि प्रतिनिधीगृहाने २४७ विरुद्ध १७५ मतांनी संमत केला. १६ एप्रिलला डोनाल्ड ट्रम्प यांनी तो नाकारला. २ मे रोजी सिनेटमध्ये नकार मोडण्याच्या बाजूने ५३ मते पडली आणि विरोधात ४५. दोन्ही सभागृहांचे बहुमत ‘नको’ म्हणत होते, तरी साहाय्य चालू राहिले. सावित्रीताई, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच आहे: घटनेने युद्ध सुरू करण्यासाठी बहुमत मागितले होते, आता युद्ध थांबवण्यासाठी दोन तृतीयांश लागतात. अख्खे ओझे एका पारड्यातून उचलून दुसऱ्यात ठेवले गेले आहे.

माळावरचा_दिवा

कायद्याचा_धागा यांचा हिशेब बरोबर आहे, पण त्यामुळे काँग्रेस बिचारी ठरते, आणि ते मला मान्य नाही. तिजोरीच्या किल्ल्या अजूनही तिच्याच कमरेला आहेत. त्या वापरण्याची इच्छा किती वेळा दिसली, हे आधी पाहावे.

२८ एप्रिल १९९९ हा एकच दिवस घ्या. कोसोव्होच्या प्रश्नावरून युगोस्लाव्हियावर हवाई हल्ले सुरू होऊन पाच आठवडे झाले होते आणि प्रतिनिधीगृहात एका दिवसात मतदानावर मतदान झाले. युद्ध पुकारावे काय? बाजूने २, विरोधात ४२७. मग सैन्य मागे घ्यावे काय? बाजूने १३९, विरोधात २९०. काँग्रेसच्या मंजुरीवाचून पायदळ पाठवण्यास पैसा मिळू नये, हे २४९ विरुद्ध १८० मतांनी संमत झाले. आणि चालू असलेल्या हवाई मोहिमेला पाठिंबा द्यावा काय, यावर मते पडली २१३ विरुद्ध २१३. समसमान, म्हणजे ठराव बारगळला. त्यानंतर महिना व्हायच्या आत त्याच काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी मागितल्यापेक्षा जास्त निधी मंजूर केला. मोहीम ७८ दिवस चालली, म्हणजे ६० ची रेघ मधेच कधीतरी ओलांडली गेली. या मंडळींना युद्ध नको होते, माघार नको होती आणि जबाबदारी तर मुळीच नको होती. मोहीम यशस्वी झाली तर पैसा आम्ही दिला होता असे म्हणता यावे, फसली तर मंजुरी दिली नव्हती असे म्हणता यावे, अशी ती सोय होती. मला याचा मनापासून राग येतो, कारण आपल्या मतदारसंघातील तरुण कोठे मरायला जाणार हे ठरवणे यापेक्षा मोठे काम लोकप्रतिनिधीला असूच शकत नाही.

काँग्रेस मंजुरी देते तेव्हाही ती अनेकदा डोळे मिटून देते. व्हिएतनाममध्ये लष्करी बळ वापरण्याची मोकळीक देणारा टोंकिनच्या आखाताचा ठराव ऑगस्ट १९६४ मध्ये प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध ० आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी संमत झाला. अमेरिकी जहाजांवरील ज्या दोन हल्ल्यांच्या आधारावर तो मागितला गेला, त्यांपैकी ४ ऑगस्टचा दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे आता सर्वमान्य आहे. वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रूनिंग हे दोघेच सिनेटर विरोधात उभे राहिले. २००१ मध्ये ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तीन दिवसांनी संमत झालेल्या मंजुरीला प्रतिनिधीगृहात बार्बरा ली या एकट्या सदस्याने विरोध केला. त्या मंजुरीचा गाभा म्हणजे जेमतेम ६० शब्दांचे एक वाक्य. हल्ला करणाऱ्यांविरुद्ध आणि त्यांना आसरा देणाऱ्यांविरुद्ध दिलेली ती परवानगी २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटविरुद्धच्या मोहिमेसाठीही वापरली गेली, आणि ती संघटना त्या रूपात २००१ मध्ये अस्तित्वातच नव्हती.

काँग्रेसने मनावर घेतले तर काय होते, याचीही उदाहरणे आहेत. १९८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी राजवटीवर निर्बंध लादणारा कायदा रोनाल्ड रेगन यांनी नाकारला. तेव्हा प्रतिनिधीगृहाने ३१३ विरुद्ध ८३ आणि सिनेटने ७८ विरुद्ध २१ मतांनी तो नकार मोडून टाकला. परराष्ट्र धोरणाची एक अख्खी बाजू काँग्रेसने राष्ट्राध्यक्षाच्या हातून काढून घेतली. लोकमताचा रेटा होता, विद्यापीठांच्या आवारांत वर्षानुवर्षे आंदोलने झाली होती, आणि रेगन यांच्याच पक्षाचे अनेक सिनेटर त्यांच्या विरोधात गेले. मुद्दा असा की दोन तृतीयांश ही उंच भिंत आहे खरी, पण ती चढता येत नाही असे नाही.

उत्तरेची_खिडकी

दुसरी बाजूही कोणीतरी मांडायला हवी. काँग्रेस नेहमीच शहाणी असते असे गृहीत धरून आपण बोलतो आहोत. १९३५ पासून एकामागून एक तटस्थतेचे कायदे करून काँग्रेसने फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे हात बांधले आणि आक्रमक व आक्रमणग्रस्त यांना काही काळ एकाच तागडीत तोलले. मित्रदेशांना शस्त्रे पुरवू देणाऱ्या मार्च १९४१ च्या उसनवार साहाय्याच्या कायद्यापर्यंत यायला फार वेळ गेला, आणि तो वेळ युरोपला महाग पडला. क्षेपणास्त्र निघाल्यापासून पोहोचेपर्यंत जेथे अर्धा तासही मिळत नाही, तेथे ५३५ जणांची सभा भरवून निर्णय घेणे शक्य नाही. गुप्त वाटाघाटीही सभागृहात करता येत नाहीत. शत्रूलाच नव्हे तर मित्रालाही एकच आवाज ऐकू यावा लागतो.

कायद्याचा_धागा

उत्तरेची_खिडकी, क्षेपणास्त्राचा मुद्दा मान्य आहे, आणि १७८७ ची ती दुरुस्ती नेमकी त्याचसाठी होती. पण लिबिया, कोसोव्हो, येमेन यांपैकी कोठेही अर्ध्या तासाची घाई नव्हती. १९९१ च्या आखाती युद्धाआधी सैन्य पाच महिने सौदी अरेबियात जमत होते. जॉर्ज बुश थोरले यांनी आपल्याला मंजुरीची गरज नाही असे म्हणत म्हणतच ती मागितली आणि १२ जानेवारीला सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी दिली. चर्चा झाली, लोकांनी ती ऐकली, आणि त्यामुळे मोहिमेची धार काही कमी झाली नाही.

सावित्री_वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक गोष्ट मात्र अजून उलगडत नाही. ‘फ्लाइंग फिश’च्या वेळी न्यायालयाने एवढा स्पष्ट निकाल दिला, तर पुढे न्यायालये गप्प का झाली? एखाद्या सदस्याने दाद मागितली तर तिचे काय होते?

जुना_अध्यापक

दाद अनेकांनी मागितली आहे. बहुतेक वेळा उत्तर मिळते की हा राजकीय प्रश्न आहे, किंवा काँग्रेसने अजून आपले हत्यारच उपसलेले नाही, मग आम्ही मधे का पडावे. १९९० मध्ये आखाती युद्धापूर्वी रॉन डेलम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सांगितले गेले की काँग्रेसच्या बहुमताने काही मागितलेले नाही, तेव्हा खटला अवेळी आहे. कोसोव्होच्या वेळी खटला भरणाऱ्या सदस्यांना तर दावा लावण्याचाच हक्क नाही, असे ठरले. मार्शल यांच्या काळी एक जहाज होते, त्याचा मालक होता आणि मोजता येण्याजोगे नुकसान होते. युद्ध व्हावे की होऊ नये असा अख्खा प्रश्न समोर आला की न्यायाधीश कचरतात.

एकदाच ही भिंत काही तासांपुरती पडली होती. १९७३ च्या उन्हाळ्यात, व्हिएतनाममधील शस्त्रसंधीनंतरही, कंबोडियावर बॉम्बफेक चालू होती. काँग्रेसने जूनमध्ये तिचा पैसा तोडला, निक्सन यांनी नकाराधिकार वापरला, आणि तो नकार मोडण्याइतकी मते पडली नाहीत. पण आर्थिक वर्ष संपत आले होते आणि सरकार चालवण्यासाठी निक्सन यांनाही पैशाची गरज होती. शेवटी तडजोड झाली: १५ ऑगस्टनंतर एक डॉलरही मिळणार नाही. म्हणजे माळावरचा_दिवा म्हणतात त्या किल्ल्या काँग्रेसने वापरल्या, पण कुलूप लावले ते सहा आठवड्यांनंतरचे.

ब्रुकलिनच्या प्रतिनिधी एलिझाबेथ होल्ट्झमन आणि हवाई दलाचे काही अधिकारी ते सहा आठवडेही मानायला तयार नव्हते. २५ जुलैला जिल्हा न्यायालयाने बॉम्बफेक बेकायदेशीर ठरवली, पण वरच्या न्यायालयाने त्या हुकमाला स्थगिती दिली. न्यायमूर्ती थरगूड मार्शल यांनी स्थगिती उठवायला नकार दिला. मग अर्जदार गेले न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांच्याकडे. ते सुटीत वॉशिंग्टन राज्यात होते. तेथील याकिमा शहराच्या न्यायालयात त्यांनी ३ ऑगस्टला सुनावणी घेतली. फाशीच्या शिक्षेला स्थगिती मागणाऱ्या अर्जासारखाच त्यांनी हा अर्ज मानला, कारण निकाल चुकला तर कोणीतरी मरणार होते, मग तो कंबोडियाचा शेतकरी असो की अमेरिकी वैमानिक. ४ ऑगस्टच्या सकाळी त्यांनी स्थगिती उठवली. त्याच दिवशी मार्शल यांनी उरलेल्या न्यायमूर्तींशी दूरध्वनीवरून बोलून, सर्वांच्या संमतीने, डग्लस यांचा आदेश रद्द केला. विमाने थांबली नाहीत.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच एका बी-५२ विमानाने मेकाँगकाठच्या नेआक लुओंग या गावावर चुकून बॉम्ब टाकले. गाव अमेरिकेच्याच बाजूच्या सैन्याच्या ताब्यात होते. शंभराहून अधिक माणसे मेली. काँग्रेसने दिलेल्या मुदतीला तेव्हा आठवड्याहून थोडा जास्त काळ बाकी होता.